मोकाट गाढवें आणि गांवचा कोंडवाडा

हा मथळा वाचून आमच्या कित्येक वाचकांस हंसूं येईल, हें आम्ही जाणून आहों. भाताचें बियाणें, आंब्यावरील तुडतुडे, वालाचा भाव असे जिव्हाळ्याचे विषय सोडून गाढवाची कैफियत मांडावयास बसलेल्या माणसाकडे लोक कोणत्या नजरेनें पाहतात, याचा अनुभव आम्हांस पाली येथें दोन पावसाळे आलेला आहे. तथापि ज्याच्या नांवावर सातबारा आहे, ज्याच्या बांधाशेजारीं वीटभट्टी लागते आणि ज्याच्या गांवीं कोंडवाडा आहे, अशा प्रत्येक शेतकऱ्याचा या प्रश्नाशीं आज ना उद्यां संबंध येतो. सबब जें घडलें तें, त्यांत आमची चूक झाली तीसुद्धां, सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम एका शब्दाचा खुलासा करणें अवश्य आहे. नदीच्या पात्रांत किंवा उकिरड्यावर धनी जवळ नसलेलें गाढव दिसलें कीं आपण त्यास मोकाट म्हणतों, आणि मोकाट म्हटलें कीं तें कोणाचेंच नव्हे असें धरून चालतों. वास्तविक महाराष्ट्रांत रानटी गाढव नाहीं. हिंदुस्थानांत खरीं रानगाढवें दोन जातींचीं आहेत; कच्छच्या छोट्या रणांतील घुडखर हें एक आणि लडाखकडील कियांग हें दुसरें. आपल्याकडील गाढव त्यांच्या वंशाचें नव्हे. तें आफ्रिकेंतील रानगाढवापासून हजारों वर्षांपूर्वीं माणसाळलेलें आहे. तेव्हां आपल्या वेशीबाहेर जें उभें असतें तें रानांतून आलेलें नसतें. तें कोणीतरी आणलेलें, राबविलेलें आणि मग सोडलेलें असतें.

हें सोडणें केव्हां घडतें त्याचा आमच्या बाजूस हंगामच ठरलेला आहे. भातकापणी होऊन जमिनी वाळल्या कीं वीटभट्ट्या लागतात. माती आणि कच्च्या विटा वाहण्यास कांहीं भट्ट्यांवर घाटावरून गाढवें येतात. वैशाखापर्यंत काम चालतें आणि मृगाचे ढग दिसूं लागले कीं भट्टी उठते. जीं गाढवें धडधाकट असतात तीं टेंपोंत चढवून परत नेतात. ज्याचा पाय गेला, ज्याची पाठ सोलवटली, जी व्यालेली असून चालेना, तीं राहतात. टेंपोंतील जागेचें भाडें त्यांच्या किंमतीहून जड होतें, एवढेंच त्याचें कारण. हे वाहणारे लोक स्वभावानें निर्दय असतात असें आम्ही म्हणणार नाहीं. त्यांच्या स्वतःच्याच मजुरीचा हिशेब मुकादमाच्या उचलीच्या वहींत अडकलेला असतो.

परंतु कोंकणच्या पावसांत गाढव सोडणें म्हणजे काय, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. गाढव हा कोरड्या मुलखाचा प्राणी. घोड्याच्या अंगावरून पाणी जसें ओघळतें तसें गाढवाच्या अंगावरून ओघळत नाहीं. तें केसांत मुरतें आणि कातडीपर्यंत पोंचतें. आमच्या तालुक्यांत चार महिन्यांत शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. अशा ओलींत आडोसा न मिळालेल्या गाढवाचे खूर कुजतात, अंगास गारठा बसतो, आणि भुकेलेलें जनावर जें जवळ दिसेल त्यांत तोंड घालतें. त्या वेळीं जवळ असतें तें आपलें भाताचें रोप.

दोन वर्षांपूर्वींच्या ज्येष्ठांत अशीं सहा गाढवें आमच्या शिवारांत राहिलीं. रोप वीतभर झालेलें होतें. एका रात्रींत आमचे दोन वाफे खाऊन आणि तुडवून फस्त झाले. आम्हांस राग आला, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. चौघे शेतकरी मिळून आम्हीं तीं गाढवें हांकीत नेलीं आणि जवळच्या एका गांवच्या कोंडवाड्यांत घातलीं. गांवाचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. मुदत भरली, धनी आला नाहीं, लिलाव पुकारला गेला. महसूल खात्यांत सारी नोकरी कारकुनींत गेल्यामुळें पंचनाम्यावर आमची सही ही आमच्या भागांत जणूं ठरलेलीच असते. त्याप्रमाणें आम्हांस पंच म्हणून बोलाविलें.

लिलावास गिऱ्हाईक एकच आलें, तेंही परगांवचें. आम्हीं नोकरींत जप्तीचे, गवताचे, झाडांचे आणि जनावरांचे लिलाव पुष्कळ पाहिले आहेत. कामासाठीं जनावर घेणारा माणूस आधीं दांत पाहतो, मग पाय उचलून पाहतो, मग पाठीवरून हात फिरवितो. या गृहस्थानें कशाकडेही पाहिलें नाहीं. लंगडें आणि धड त्यानें एकाच दरानें मागितलें. सहाही एकदम मागितलीं. त्याच्या गाडीवर ताडपत्री बांधलेली होती. आम्हीं हें सर्व पाहिलें, तें मनांत खुपलें, आणि तरी आम्हीं सही केली. कागद बिनचूक होते, रक्कम जमा झाली होती, आमच्या रोपाच्या नुकसानीचा थोडा ऐवजही हातीं पडावयाचा होता. त्या रात्रीं आम्हांस जेवण गेलें नाहीं.

तो व्यापारी कोणत्या धंद्यांतला होता हें सिद्ध करण्यास आमच्यापाशीं पुरावा नाहीं, म्हणून त्याजवर आम्ही आरोप करीत नाहीं. परंतु हल्लीं गाढवांचा ओघ कोणीकडे आहे हें सांगतां येतें. २०१२ च्या पशुगणनेंत साऱ्या देशांत गाढवें सुमारें ३ लाख २० हजार होतीं. २०१९ च्या गणनेंत तीं सुमारें १ लाख २० हजार भरलीं. सात वर्षांत शेंकडा ६१ घट! महाराष्ट्रांतील घट शेंकडा ४० च्या घरांत आहे. टेंपो, ट्रॅक्टर, पक्क्या सडका यांमुळें गाढवाचें काम गेलें हें खरें, आणि वडार, बेलदार, कुंभार यांचीं मुलें शाळेंत जाऊन दुसऱ्या धंद्यांस लागलीं ही तर आनंदाचीच गोष्ट आहे. पण कामावरून कमी झालेलें जनावर सात वर्षांत एवढ्या संख्येनें आपोआप नाहींसें होत नाहीं. चांगलें ठेवलेलें गाढव पंचवीस वर्षें सहज जगतें.

आंध्र प्रदेशाच्या कांहीं जिल्ह्यांत गाढवाचें मांस खाल्ल्यानें अंगांत बळ येतें अशी समजूत पसरली आहे. अन्नसुरक्षेच्या नियमांत ज्या जनावरांचें मांस विकण्यास मोकळीक आहे त्यांत गाढव नाहीं, तरीही तेथें चोरटी कत्तल चालते. दुसरी ओढ कातड्याची. चीन देशांत गाढवाचें कातडें उकळून एजियाओ नांवाचा सरस काढतात व तो औषध म्हणून फार मोलानें विकतात. तेथील गाढवें पुरेनाशीं झालीं तेव्हां मागणी आफ्रिकेकडे वळली, आणि खेड्यापाड्यांतून गाढवें इतकीं चोरीस जाऊं लागलीं कीं २०२४ च्या फेब्रुवारींत आफ्रिकी संघाच्या राष्ट्रप्रमुखांनीं कातड्यासाठीं गाढवें मारण्यास बंदी करण्याचें ठरविलें. आपल्या देशांतील चोरट्या व्यापाराविषयीं ब्रूक इंडिया या संस्थेनें २०२२ सालीं चौकशीचा अहवाल प्रसिद्ध केला. चौकशी झालेल्या प्रांतांत महाराष्ट्रही आहे. गाढविणीचें दूध चमच्यानें मोजून दारोदार विकणारे लोक आपल्याकडे दिसतात आणि त्या दुधाच्या साबणाचाही हल्लीं बोलबाला आहे. त्यावर गाढवाची जात तगेल अशी आशा कांहीं लोक धरतात. आम्हांस ती फारशी वाटत नाहीं.

आतां कोंडवाड्याविषयीं. गुरांच्या आगळिकीचा कायदा १८७१ सालचा. त्यांत गुरें या शब्दाच्या अर्थांत गाढवाचें नांव स्पष्ट घातलेलें आहे. पुढें ग्रामपंचायतींचा कायदा झाल्यावर गांवोगांवचे कोंडवाडे पंचायतींच्या हातीं आले, तरी मूळची रीत तीच राहिली: जनावर कोंडावयाचें, धन्याची वाट पाहावयाची, न आल्यास लिलावानें विकून दंड व खुराकी वसूल करावयाची. पिकाचें रक्षण करणारी ही रीत चांगली आहे, आणि ती मोडावी असें आम्हांस मुळींच म्हणावयाचें नाहीं. परंतु गाय किंवा बैल कोंडला तर धनी दोन दिवसांत धांवत येतो. सोडून दिलेल्या गाढवास धनी येतच नाहीं, कारण तो शंभर कोसांवर गेलेला असतो. त्यामुळें गाढवाच्या बाबतींत कोंडवाडा म्हणजे सरळ बाजार होतो, आणि त्या बाजाराची पावती आपली पंचायत फाडते. पंढरपुरास भीमेच्या पात्रांतून चोरटी वाळू वाहणारीं गाढवें अंमलदारांनीं धरल्याच्या बातम्या अलीकडे एकाहून अधिक वेळां आल्या आहेत. चोर पळतो, गाढव सांपडतें, आणि त्याचें पुढें काय करावयाचें हा प्रश्न तेथेंही उभा राहतो.

कायद्याची दुसरी बाजू मात्र आपण कधींच वापरीत नाहीं. जनावरांस निर्दयतेनें वागविण्याविरुद्ध १९६० सालीं कायदा झाला. उपासमार व तहान होईल अशा स्थितींत जनावर टाकून जाणें हा त्याच्या अकराव्या कलमान्वये गुन्हा आहे. त्याच कायद्याखालीं १९६५ सालीं जे नियम झाले त्यांत गाढवाच्या पाठीवर ५० किलोंहून अधिक ओझें घालूं नये, दिवसांत ९ तासांवर राबवूं नये, ५ तासांवर सलग राबवूं नये, आणि ऊन ३७ अंशांच्या वर असतां दुपारीं १२ ते ३ काम घेऊं नये, असें लिहिलें आहे. वीट तीन किलोंची धरली तर सोळा विटांवर सतरावी चढतां कामा नये. वाचकांनीं शेजारच्या भट्टीवर जाऊन एकदां मोजून पाहावें.

आमचे एक स्नेही म्हणाले, "आमचें रोप खाल्लें तें गेलें, आतां वर गाढवास खाऊंही आम्हींच घालावयाचें काय?" प्रश्न रोकडा आहे, आणि शेतकऱ्यानें तो विचारलाच पाहिजे. त्याचें उत्तर दोन ठिकाणच्या हकीकतींत आम्हांस सांपडलें.

एक कच्छची. छोट्या रणांतील घुडखर रोगराईनें व इतर कारणांनीं घटत घटत १९६० नंतरच्या दशकांत चारशेंच्याही आंत आले होते. १९७२ च्या कायद्यानें त्यांस संरक्षण मिळालें, १९७३ सालीं सुमारें ४,९५४ चौरस किलोमीटर मुलूख त्यांचें अभयारण्य म्हणून राखला गेला, आणि २०२० च्या गणनेंत ते ६,०८२ व २०२४ च्या गणनेंत ७,६७२ भरले. हे प्राणी रात्रीं भोंवतालच्या पिकांत उतरतात. तेथील शेतकरी रखवाली करतात, कुरकुर करतात, सरकाराकडे तक्रारीही करतात. तरीही कळप वाढला. शेजारच्या शेतकऱ्यांनीं मनांत आणलें असतें तर तो वाढता ना.

दुसरी अमेरिकेची. तेथील रानांत आज जीं गाढवें मोकळीं फिरतात तीं मूळचीं ओझ्याचीं. खाणींचें काम संपलें तशीं तीं सोडून दिलीं गेलीं. आमच्या वीटभट्ट्यांची गोष्ट याहून फारशी निराळी नाहीं. १९७१ सालीं त्या देशानें अशा घोड्यां-गाढवांस संरक्षण देणारा कायदा केला. परंतु ग्रँड कॅन्यन नांवाच्या प्रचंड दरींत तीं झाडोरा खाऊन टाकतात म्हणून तेथील अंमलदारांनीं त्यांस गोळ्या घालण्याचें ठरविलें. तेव्हां क्लीव्हलंड अ‍ॅमरी या लेखकाच्या संस्थेनें १९८० च्या सुमारास हेलिकॉप्टरला झोळी बांधून ५७७ गाढवें दरींतून वर काढलीं. आम्हांस त्यांतील विमानविद्येपेक्षां पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची वाटली. वर काढल्यावर प्रत्येकास सांभाळणारें घर शोधावें लागलें. आपल्याकडे दरी नाहीं आणि हेलिकॉप्टरही नको. घर शोधण्याचें काम तेवढें आहे.

घर कोठें शोधावें? जेथें गाढवाची पारख अजून आहे तेथें. जेजुरीस पौष पौर्णिमेस गाढवांचा बाजार भरतो. मढीस कानिफनाथांच्या यात्रेंतही भरतो. जेजुरीस काठेवाडी गाढवें येतात आणि गावठीहून त्यांस भाव अधिक मिळतो. तेथें दांत पाहून दुवान, चौवान, अखंड असे शब्द अजून ऐकूं येतात. ज्यांस आपण अडाणी म्हणतों त्या लोकांस त्या जनावराचें वय, खोड आणि गुण एका नजरेंत कळतो. तसे लोक आपल्या लिलावास यावयास पाहिजेत.

गेल्या ज्येष्ठांत पुन्हां पांच गाढवें आणि एक शिंगरूं मागें राहिलें. रोपांस आम्हीं या खेपेस कुटुंबाच्या सांगण्यावरून आधींच कांट्यांचें कुंपण घातलें होतें, त्यामुळें नुकसान झालें नाहीं आणि डोकेंही थंड राहिलें. गाढवें कोंडवाड्यांत गेलीं, पण आम्हीं पंचायतीस एक अर्ज दिला. गाढवाचा धनी कोण हें कोणास ठाऊक नसतें हें खरें. परंतु वीटमाती काढण्यास परवाना लागतो, स्वामित्वधन भरावें लागतें, आणि परवानेदाराचें नांव तहसील कचेरींत लिहिलेलें असतें. त्या परवानेदाराच्या मुकादमाच्या वहींत गाढवांच्या धन्यांचीं नांवें असतात. इतकी साधी वाट असतां गेल्या खेपेस ती आम्हांस सुचूं नये, याची लाज वाटते. पंचायतीनें परवानेदारास नोटीस काढली. तिसऱ्या दिवशीं मुकादम आला, दंड व खुराकी भरून दोन गाढवें घेऊन गेला. बाकीच्यांचे धनी कांहीं केल्या येईनात.

लिलावाच्या दिवशीं परगांवचें गिऱ्हाईक आलेंच; तेंच कीं दुसरें, तें आम्हांस ओळखतां आलें नाहीं. सरपंचबाईंनीं नोंदवही पुढें केली आणि म्हणाल्या, "भाऊ, नांव, पत्ता आणि कोणत्या कामासाठीं घेतां तें आपल्या हातानें लिहा." त्यांनीं चहा घेतला आणि गाडींत कांहीं विसरलें आहे असें सांगून जे गेले ते परत आले नाहींत. मग आम्हीं पांच शेतकऱ्यांनीं वर्गणी करून तिन्ही गाढवें आणि शिंगरूं घेतलें. एक म्हातारें लंगडें गाढव, एक पाठ सोलवटलेलें तरणें, आणि शिंगराची आई.

पहिली चूक लगेच झाली. आम्हीं तीं गुरांच्या गोठ्यांत बांधलीं. शेणामुताच्या ओलीनें पंधरवड्यांत खुरांस घाण येऊं लागली. पशुवैद्यकीय दवाखान्यांतील डॉक्टर आले. त्यांनीं खूर कापून साफ केले, धनुर्वाताची लस टोंचली आणि ग्लँडर्ससाठीं रक्त तपासावयास पाठविलें. हा रोग गाढवा-घोड्यांपासून माणसांसही जडतो, म्हणून बाहेरचें गाढव घरीं आणल्यास रक्ताचा निकाल येईपर्यंत तें निराळें बांधावें व त्याचें पाण्याचें भांडें वेगळें ठेवावें. निकाल चांगला आला. मग आम्हीं पडवींत मुरूम घालून वर जुन्या फळ्या टाकल्या, आणि तेव्हांपासून खूर सुधारले. खूर दीड-दोन महिन्यांनीं कापावे लागतात. चाऱ्यांत हिरव्या लुसलुशीत गवताची आणि धान्याची रेलचेल करूं नये. त्यानें पाय धरतात. कोरडें वरकस गवत व भाताचा पेंढा यांवर गाढव सुखी असतें. पाणी थोडें पितें, पण घाण पाण्यास तोंड लावीत नाहीं.

दुसरी चूक भारी पडली. पाठीची जखम भरावी म्हणून तरण्या गाढवास आम्हीं पलीकडच्या आळींत एका भागीदाराकडे नेऊन बांधलें. तें आणि म्हातारें गाढव नेहमीं एकमेकांच्या मानेवर मान टाकून उभीं राहत, हें आम्हीं पाहिलें होतें. त्याचा अर्थ आमच्या ध्यानांत आला नाहीं. म्हाताऱ्यानें खाणें कमी केलें. गाढव दुखणें दाखवीत नाहीं, ओरडत नाहीं, नुसतें उभें राहतें. आम्हांस वाटलें कीं म्हातारपण आहे. चौथ्या दिवशीं डॉक्टरांस बोलाविलें तेव्हां त्यांनीं सांगितलें कीं गाढवानें खाणें सोडलें कीं अंगांतली चरबी रक्तांत उतरते आणि मग उपाय फारसा चालत नाहीं; पहिल्याच दिवशीं बोलवावयास हवें होतें. तरण्यास त्याच संध्याकाळीं परत आणून शेजारीं उभें केलें. म्हाताऱ्यानें त्याच्या मानेवर मान टाकली, दोन घांस पेंढा खाल्ला, आणि पहांटे तें गेलें. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवसाची ही गोष्ट.

नाथांनीं रामेश्वरास न्यावयाची कावड वाटेंत तहानलेल्या गाढवाच्या तोंडीं रिती केली, ही कथा आपण कीर्तनांत ऐकतों, मान डोलवितों, आणि घरीं येतांना वाटेंतल्या गाढवास खडा मारतों. आमच्या कोंकणांत शिलाहारांच्या काळचे गद्धेगाळ सांपडतात. दिलेल्या जमिनीस जो हात लावील त्यास गाढवाची शिवी दगडावर कोरून ठेवलेली. हजार वर्षें आपण या प्राण्याचा उपयोग ओझ्यास आणि शिवीस करीत आलों आहों. असो.

पौषांत आम्हांपैकीं दोघे जेजुरीस गेले. तेथें भेटलेलें एक बेलदार कुटुंब माघांत पालीस येऊन तरणें गाढव घेऊन गेलें. त्यांच्याकडे आणखी चार आहेत, त्यामुळें सोबतीचा प्रश्न मिटला. किंमत घेतली नाहीं, पण कागद करून घेतला: पावसाळ्यांत कोंकणांत सोडावयाचें नाहीं, आणि सांभाळणें न झाल्यास आधीं आम्हांस निरोप पाठवावयाचा. शिंगराची आई आम्हांकडेच आहे. दोन पोत्यांत मिळून चाळीस किलो शेणखत घेऊन ती वरकसावर जाते. जेथें बैलगाडी चढत नाहीं तेथें तिचा मोठा उपयोग होतो, हें पूर्वीं हंसणाऱ्यांनींही आतां मान्य केलें आहे. शिंगरूं मोकळेंच तिच्या मागून चालतें.

यंदा दिवाळीनंतर भट्टी लागली तेव्हां पंचायतीनें परवानेदाराकडून गाढवांची संख्या आणि धन्यांचीं नांवें प्रथमच लिहून घेतलीं. तेवीस आहेत. भट्टी उठेल त्या दिवशीं परत जाणारीं गाढवें मोजावयास आम्हांस बोलाविलें आहे.